मागच्या रांगेतली माणसं

ऑर्केस्ट्राच्या जगातली कुठलीही बातमी उघडा, पहिल्या ओळीत कंडक्टरचं नाव असतं. क्लाउस मॅकेला हा फिनलंडचा तरुण २०२७ पासून शिकागो सिम्फनीचा संगीत दिग्दर्शक होणार आणि त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ ऑर्केस्ट्राचाही प्रमुख. एसा-पेक्का सालोनेन यांनी मार्च २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनी सोडत असल्याचं जाहीर केलं, कारण संस्थेच्या भवितव्याबद्दल नियामक मंडळाचं आणि त्यांचं जुळेना. कोण आला, कोण गेला, कोण रागावला, कुणाच्या हातात आता छडी. मी हे सगळं वाचते, आवडीने वाचते. आणि वाचून झालं की शेवटच्या परिच्छेदात एक गोष्ट शोधत बसते. तिथे वाजवणाऱ्यांचं काय चाललंय?

त्याच सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये कोरसमधल्या पगारी गायकांनी संप केला. त्यांच्या मानधनात मोठी कपात सुचवली होती. हंगामाच्या सुरुवातीलाच व्हेर्दीच्या रेक्विएमचे, म्हणजे मृतांसाठीच्या प्रार्थनासंगीताचे, कार्यक्रम होते, ते रद्द झाले. सालोनेन यांच्या जाण्यावर पानंच्या पानं लिहिली गेली, त्या मानाने या संपावर फारच थोडं. माझ्या मते मोठी बातमी संपाची होती. रेक्विएम कंडक्टरशिवाय उभा राहणार नाही हे खरं, पण कोरसशिवाय तो सुरूच होत नाही.

हे मला इतकं का लागतं, ते सांगते. मी सांगलीत राहते. गाणं रीतसर शिकले, घरी अजून शिकवते, पण मैफलीत माझी जागा ठरलेली आहे. गायकाच्या मागे, तानपुरा घेऊन. मिरज इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आमच्याकडे तानपुऱ्याची वाण कधीच नव्हती. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळे टांगलेले बघतच आम्ही वाढलो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते. पण वाद्याला मान मिळणं आणि ते धरून बसणाऱ्याला मान मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तानपुरा धरणं हे काम लांबून फार सोपं दिसतं. मधलं बोट पंचमावर, तर्जनी जोडावर आणि खर्जावर, झालं. प्रत्यक्षात दोन-अडीच तास एकाच चालीने, एकाच वजनाने तारा छेडायच्या. तबला द्रुत झाला म्हणून आपलं बोट धावता कामा नये, तबल्याच्या मात्रेला ते बांधलं जाता कामा नये. गायकाने समेवर सुंदर जागा घेतली, सगळ्या सभागृहातून ‘वाहवा’ आली, तरी आपलं बोट जिथे होतं तिथेच. मांडवातल्या दिव्यांची धग आणि पंख्याचा वारा लागून तार हळूच उतरते. गायक मान न वळवता नुसता कान तिरका करतो. तेवढ्या खुणेवर डाव्या हाताने मणी सरकवून तार पुन्हा जागेवर आणायची, तेही छेड न थांबवता. जवारी, म्हणजे तारेची गुंज, बिघडली तर तारांखालच्या पुलावरचा सुताचा दोरा केसभर पुढे-मागे करायचा. पायाला मुंग्या येतात, मांडी बदलता येत नाही. आमच्या बाई म्हणायच्या, ‘तानपुऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं तर समज काहीतरी बिघडलंय.’ या कामाचं मोल मला त्या वाक्यात सापडलं. आणि हे काम कुणालाच का दिसत नाही, तेही त्यातच सापडलं.

म्हणून युरोपातला संगीतकार हायडन याची पंचेचाळीसावी सिम्फनी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ती मला परक्या देशातली वाटली नाही. हायडन १७६१ पासून एस्टरहाझी घराण्याच्या पदरी होता. त्याच्या करारात पांढरे मोजे, पांढरा सदरा, केसांना पावडर, वेणी किंवा टोप, असा गणवेश लिहिलेला होता. रोज दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात उभं राहून आज संगीत हवंय का, हे विचारायचं. पाश्चात्त्य संगीतातला एवढा मोठा माणूस, पण दरबारात त्याची गणती चाकरांतच.

त्या घराण्यातले राजे निकोलाउस यांनी हंगेरीत दलदलीच्या काठावर एस्टरहाझा नावाचा राजवाडा उभारला आणि ते उन्हाळाभर तिथे राहू लागले. वादकही तिथेच. त्यांची बायकापोरं मात्र आयझेनश्टाटला, दिवसभराच्या वाटेवर. १७७२ मध्ये मुक्काम लांबतच गेला. वादक हायडनकडे आले. आता हायडनने काय करावं? अर्ज लिहिला असता तर तो खजिनदाराच्या टेबलावर पडला असता. त्याने सिम्फनी लिहिली. तीही एफ शार्प मायनरमध्ये, त्या काळी सिम्फनीसाठी फारसा कुणी हात न लावणाऱ्या सुरात.

शेवटचा भाग जलद सुरू होतो, नेहमीसारखा संपत आल्यासारखा वाटतो आणि अचानक थांबतो. मग संथ ॲडॅजिओ. त्यात पहिला ओबो आणि दुसरा हॉर्न आपापला तुकडा वाजवतात, समोरची मेणबत्ती विझवतात आणि उठून जातात. मग बसून नावाचं खालच्या सुराचं फुंकवाद्य. मग दुसरा ओबो आणि पहिला हॉर्न. मग डबल बास. मग चेलो, मग व्हायोलिनच्या रांगा, मग व्हायोला. बऱ्याच जणांना जाण्याआधी चार ओळी आहेत. डबल बासला तर इतका मोकळा तुकडा दिलाय की एरवी तळाशी गुरगुरणारं ते वाद्य एकदम बोलायला लागतं. शेवटी फक्त दोन व्हायोलिन उरतात, म्यूट म्हणजे आवाज दबवणारी चिमटी लावलेली. त्यातलं एक स्वतः हायडनच्या हातात होतं असं सांगतात. राजे समजले. दुसऱ्या दिवशी दरबार आयझेनश्टाटला हलला, अशीच ही कथा सांगितली जाते.

मला या सिम्फनीत सगळ्यांत काय भावतं? गाऱ्हाणं मागच्या रांगेचं आहे, आणि ते मांडताना हायडनने मागच्या रांगेला निरोपाचं भाषण दिलंय. एरवी जी वाद्यं घोळक्यात ऐकू येतात ती एकेक करून ऐकू येतात. एकेक वादक जातो तसतसं कळत जातं की आतापर्यंत जो आवाज आपण ‘ऑर्केस्ट्राचा’ म्हणत होतो तो कशाकशाचा बनला होता. भरलेला आवाज कशाने भरला होता हे तो रिता होताना समजतं. ॲडॅजिओचं ते पान मी कितीही वेळा ऐकलं तरी डबल बासच्या तुकड्याला घशाशी काहीतरी येतंच.

संस्थानी दरबार आम्हालाही नवा नाही. सांगली, मिरज, कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थानं, आणि गाणं-बजावणं इथे राजाश्रयानेच वाढलं. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडलं. त्यामागची हकीकत आमच्याकडे अजून सांगतात. गावातल्या एका समारंभाचं आमंत्रण विष्णुबुवांना आलं, पण त्यांच्या गुरूंना नाही. का म्हणून विचारलं तर उत्तर आलं की ते तर नुसते गवई. ज्यांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवली त्यांना हे उत्तर! विष्णुबुवांच्या मनाला ते लागलं. मग सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर गाणं, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय. गवयाला समाजात बरोबरीची खुर्ची मिळावी यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं.

हायडनने राजाला समजावलं, विष्णुबुवांनी राजाचं गाव सोडलं. बर्लिनच्या वादकांनी तिसराच रस्ता धरला. १८८२ मध्ये बेंजामिन बिल्झे नावाच्या बँडप्रमुखाने वॉर्साच्या दौऱ्यासाठी आपल्या वादकांना रेल्वेच्या चौथ्या वर्गाने पाठवायचं ठरवलं. पन्नासेक वादक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला. तोच आजचा बर्लिन फिलहार्मोनिक. जगातल्या सर्वोत्तमांत ज्याचं नाव घेतात त्या संस्थेचा जन्म रेल्वेच्या डब्यावरून झालेल्या भांडणात झाला, ही गोष्ट मला अतिशय आवडते. एसटीत मागच्या सीटवर मांडीवर तानपुरा आडवा धरून कार्यक्रमाला गेलेल्या कुणालाही ती आवडेल.

आजही बर्लिनचे वादक आपला प्रमुख कंडक्टर स्वतः मतदान करून निवडतात. ११ मे २०१५ रोजी सव्वाशेच्या आसपास वादक डालेमच्या एका चर्चमध्ये अकरा तास बसले आणि निर्णय न होता उठले. दारात जगभरचे पत्रकार ताटकळत होते. जूनमध्ये पुन्हा बसले आणि किरिल पेट्रेन्को यांना निवडलं. नवा वादक घेतानाही तसंच. आधी काही काळ परीक्षेचा, मग सहकाऱ्यांचं मतदान. मला ही पद्धत मनापासून पटते. शेजारी बसून कुणाचा सूर आपल्या सुरात मिसळतो, हे शेजारी बसणाऱ्याइतकं कुणाला कळणार?

उलट उदाहरण मिनेसोटाचं. तिथला ऑर्केस्ट्रा नियामक मंडळ चालवतं. पगारात मोठी कपात मान्य करा, नाहीतर काम बंद, असं म्हणून १ ऑक्टोबर २०१२ पासून वादकांना सभागृहाबाहेर ठेवलं गेलं. त्याच सुमारास त्या सभागृहाचं कोट्यवधी डॉलर खर्चून नूतनीकरण चाललं होतं. भिंतींना पैसे होते. वर्ष उलटलं, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमधले कार्यक्रम हातचे गेले आणि कंडक्टर ऑस्मो व्हॅन्स्का यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये राजीनामा दिला. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी संस्थेसाठी केला नाही, बाहेर बसवलेल्या वादकांबरोबर केला. शेवटी सिबेलियसचं ‘वाल्स त्रिस्त’ वाजवायच्या आधी त्यांनी श्रोत्यांना टाळ्या वाजवू नका अशी विनंती केली होती. जानेवारी २०१४ मध्ये तडजोड झाली, पगार काहीसे घटले, वादक परतले आणि नंतर व्हॅन्स्काही परतले. ज्या कंडक्टरची बातमी पहिल्या ओळीत यायला हवी असं मलाही वाटतं, तो हा.

पण वादकांच्या हाती सत्ता दिली की सगळं सरळ होतं असंही नाही, आणि एक बाई म्हणून मला हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बर्लिनमध्ये पहिली स्त्री वादक आली ती १९८२ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर शंभर वर्षांनी. मादलेन कारुत्सो, व्हायोलिन. त्याच सुमारास क्लॅरिनेटवादक सबीने मेयर हिला तेव्हाचे प्रमुख कंडक्टर कारायान यांनी उचलून धरलं, तेव्हा वादकांनी ७३ विरुद्ध ४ मतांनी तिला नाकारलं. कारण दिलं की तिचा सूर बाकीच्यांत मिसळत नाही. मतभेद कारायान यांच्या एकाधिकाराशीही होता हे खरं. तरी ते कारण माझ्या गळी उतरत नाही. सबीने मेयर पुढे जगातल्या पहिल्या दर्जाची एकल वादक झाली. २०२३ मध्ये बर्लिनच्या पहिल्या खुर्चीवरही, म्हणजे कॉन्सर्टमास्टर या व्हायोलिनवादकांच्या प्रमुखपदी, एक स्त्री बसली, विनेटा सारेका-फ्योल्कनर.

व्हिएन्नाची गोष्ट याहून जिव्हारी लागणारी. तिथले वादकही १८४२ पासून स्वतःच कारभार पाहतात. हार्पवादक आना लेल्केस तिथे वर्षानुवर्षं वाजवत होती, पण सभासद नव्हती, आणि कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव छापलं जात नसे. दूरचित्रवाणीवर कॅमेरा फक्त तिच्या हातांवर यायचा असं सांगतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये तिला सभासदत्व मिळालं तेव्हा तिची निवृत्ती जवळ आली होती. हे वाचलं त्या दिवशी मी शिकवणी लवकर सोडली. इथल्या एका सभेत गायकाचं, तबल्याचं, पेटीचं, ध्वनिवर्धकवाल्याचं, मांडववाल्याचं, चहावाल्याचं नाव घेऊन आभार मानले गेले आणि तानपुऱ्यावर बसलेल्या आम्ही दोघी राहून गेलो. त्या संध्याकाळी मी काहीच बोलले नव्हते. आना लेल्केसबद्दल वाचल्यावर मात्र ती संध्याकाळ माझ्याशी बोलायला लागली.

अमेरिकेत १९७० च्या दशकापासून निवडीच्या वेळी वादकापुढे पडदा लावायची पद्धत रुळली. परीक्षकांना दिसायचं काहीच नाही, ऐकायचं फक्त. जमिनीवर गालिचा अंथरतात, म्हणजे टाचेच्या आवाजावरूनही बाई की पुरुष ते कळू नये. रांगा त्यानंतरच खऱ्या अर्थाने उघडायला लागल्या.

ऑर्केस्ट्रा समोर बसून ऐकावा म्हणून मैत्रिणीबरोबर महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला गेले होते, नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया तिथे २००६ मध्ये सुरू झाला. मैत्रीण कंडक्टरकडे बघत होती, मी व्हायोलिनच्या शेवटच्या रांगा बघत होते. दोघांत मिळून एक स्टँड असतो. श्रोत्यांच्या बाजूला बसलेला वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा पान उलटतो. पान संपायच्या दोन-तीन सूर आधी त्याचा गज थांबतो, हात पुढे जातो, पान आवाज न करता वळतं आणि गज पुन्हा तारेवर येतो, शेजाऱ्याच्या गजाच्या दिशेनेच, वर तर वर, खाली तर खाली. पूर्ण संध्याकाळभर त्या आतल्या माणसाचे थोडे थोडे सूर पानं उलटण्यात गेले. ते सूर शेजाऱ्याने भरून काढले. श्रोत्यांतल्या कुणाला खंड जाणवला नाही. मला त्या माणसाला भेटून विचारायचं होतं की तुम्हाला किती वर्षं झाली आत बसून. पण कार्यक्रम संपला आणि गर्दीत ते राहिलं.

त्या रांगांत भारतीय चेहरे थोडेच होते. बरेच वादक हंगामापुरते बाहेरून येतात, कझाकस्तानपासून युरोपपर्यंतचे. याचं मला वाईट वाटतं, आणि मी त्यासाठी त्या संस्थेला बोल लावणार नाही, कारण तिने मुलांना शिकवायलाही सुरुवात केली आहे. पण झुबिन मेहता हे नाव आपल्याकडे सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि त्यांचे वडील मेहली मेहता फार थोड्यांना माहीत आहेत. मेहलींनी १९३५ मध्ये मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. पुढे हाच माणूस इंग्लंडला गेला आणि मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात सहायक कॉन्सर्टमास्टर म्हणून बसला. आपल्या गावात स्वतःचा ऑर्केस्ट्रा उभा करणारा माणूस दुसऱ्याच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्याच्या खुणेवर गज चालवतो. मुलगा कंडक्टर झाला त्यामागे हे रांगेत बसणं नक्की आहे. आपल्याकडे प्रत्येक आईबापाला मुलगा झुबिन व्हायला हवा असतो. मेहली व्हायला कुणी पाठवत नाही. रांगा भरणार कशा?

आणि आता यंत्रं. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर मार्च २००३ मध्ये वादकांनी संप केला, कारण नाट्यगृहात किमान किती वादक हवेत हा आकडा निर्माते खाली आणू पाहत होते आणि त्यांच्या जागी यंत्रावरचा आवाज तयारच होता. आमच्याकडे त्यासाठी संप झाला नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आली, मग मोबाइलवर आली, आणि मागची माणसं एकेक करून उठून गेली. रियाजाला ती पेटी चांगली आहे, मीही वापरते, प्रवासात तर तिच्यासारखी सोय नाही. पण मैफलीत ती वाजते तेव्हा मला ओळखू येते. तिची तार कधी उतरत नाही आणि त्यामुळे तिच्याकडे कुणाचा कान लागत नाही. मिरजेला तानपुरे जुळवून दोन बाजूंना दोन मुली बसल्या की दोन तानपुऱ्यांच्या मध्ये जो गंधार आपोआप उमटतो, कुणीही न छेडलेला, त्यावर गायकाला उभं राहता येतं. ज्यांच्या स्वरलगावासाठी आजही लोक जुन्या तबकड्या लावतात ते अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच राहिले आणि दर्ग्यातच त्यांना दफन केलं. तिथे उरुसाच्या वेळी अजूनही गाणं होतं. त्या आवारात तरी मोबाइलचा तानपुरा वाजू नये असं मला फार वाटतं.

या वर्षी मी ठरवलंय ते एवढंच. आमच्या भागात दरवर्षी सभा भरवणारे एक काका आहेत, तळमळीचे, खिशातले पैसे घालणारे. त्यांना मी जाऊन सांगितलं की पत्रिकेत तानपुऱ्याच्या साथीची दोन्ही नावं छापायची, तबला-पेटीच्या ओळीतच, त्याच टाइपात. आणि त्या मुलींना पाकीट द्यायचं, नारळ नव्हे. काका म्हणाले, ‘अगं ताई, त्या शिकणाऱ्या मुली, त्यांना व्यासपीठावर बसायला मिळतं हेच केवढं आहे.’ मी म्हटलं, काका, शिकणारा तबलजी बसवलात तरी त्याला देताच ना. त्यावर ते गप्प बसले, मग म्हणाले, किती द्यायचं? आकडा मी सांगितलाय. एका मुलीचं आडनाव मागच्या वर्षी बॅनरवर चुकलं होतं, म्हणून दोन्ही नावं कागदावर सुवाच्य लिहून त्यांच्या हातात दिली आहेत. पत्रिका पुढच्या आठवड्यात छापायला जाते, प्रूफ मी बघणार आहे.